कौसाबाईची शेळी

हे मी पाळकांना सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गुडघे टेकून प्रार्थना करतानासुद्धा या गोष्टीजवळ आलो की मी घाईघाईनं आमेन म्हणून मोकळा होतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल—

मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस, बहुतेक मजुरीवर जगणारी. चर्चचे पाळक रविवारपुरते येतात. बुधवारची प्रार्थनासभा माझ्याकडे. मोबाईलवर मोठ्या शहरांतली प्रवचनं ऐकून ऐकून एक शिकवण माझ्या डोक्यात पक्की बसली होती—देवाला द्या, देव श्रीमंत करील; आणि कोणी गरीब राहिलाच, तर त्याचा विश्वास कच्चा. वर्षभर मी हेच सांगत होतो. पगारदार माणसाला हे सांगायला काय जातं?

आमच्यात हंगामाचा सण असतो. सोयाबीन निघालं की प्रत्येक घर शेतातलं नाहीतर दारातलं काहीतरी उपासनेला आणतं. पायलीभर धान्य, भोपळा, एखादी कोंबडी. वेदीपुढे ढीग लागतो, मग त्याची हर्राशी होते, म्हणजे लिलाव. येईल ते मंडळीच्या कामाला. त्या वर्षी मंदिराचे, म्हणजे चर्चचे, पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता, आणि ती टूम माझीच होती.

सणाला दक्षिणेकडचे एक वयस्क उपदेशक पाहुणे आले होते. त्यांना मराठी येत नव्हती. ते इंग्रजीत एक वाक्य बोलायचे, थांबायचे, आणि मी शेजारच्या माईकवर ते मराठीत सांगायचो. पाळक त्या दिवशी दुसऱ्या गावच्या सणाला गेलेले. मंडपात दोन्ही भाषा कळणारा मी एकटाच होतो.

सुरुवातीला सगळं बराबर चाललं. मग पाहुणे थबकले, पुढे खाली बसलेल्या बायांकडे बघत राहिले. आणि म्हणाले, ज्याच्या घरी एकच जनावर आहे त्यानं ते घरीच ठेवावं, देव काही उपाशी नाही. ज्याच्याकडे दोन आहेत त्यानं शेजाऱ्याची चूल पेटली का ते बघावं. आणि माझ्याकडे वळले.

मला कळलं नाही, असं नाही. लख्ख कळलं होतं. आणि हेही कळलं, की हे वाक्य मराठीत आलं तर माझं वर्षभराचं बोलणं इथंच, सगळ्यांदेखत उघडं पडणार. मी माईकमध्ये म्हणालो, "पाहुणे सांगतात, ज्याच्याकडे एकच आहे त्यानं तेच द्यावं. देव शंभर पटीनं परत करील."

कडुनिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून माझाच आवाज माझ्या कानांवर आला. हे मी बोललो? मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, ओरडेल. पण कोण उठणार होतं? सगळ्या मंडपातून आमेन आलं, चांगलं मोठ्यानं.

उठली ती कौसाबाई. विधवा, लोकांच्या शेतात सोंगणी-कापणी करणारी. सून वारल्यावर मागं राहिलेली दोन वर्षांची नात तीच सांभाळायची, आणि त्या लेकराचं दूध म्हणजे घरची एकुलती एक दुभती शेळी. ती घरी गेली, शेळी घेऊन आली आणि वेदीच्या टेबलाच्या पायाला बांधली.

पाहुण्यांचा चेहरा उतरला. "मी काय बोललो ते या बाईला समजलं का? तिला पुन्हा नीट सांगा," असं ते मला हळूच म्हणाले. मी कौसाबाईला काहीच सांगितलं नाही. पाहुण्यांना सांगितलं, की तिला सगळं समजलंय, पण ती ऐकत नाही.

दोन मिनिटांत दोन्हीकडे खोटं—आणि जीभ एकदाही अडखळली नाही. मला हे इतकं सहज जमतं? पाच-सहा वर्षं झाली, अजून ते आठवतं.

हर्राशीत शेळीवर पहिली बोली मी लावली. सरांच्या वर कोण चढवणार? शेळी माझ्या दारात आली.

येताजाता कौसाबाई तिला बाभळीच्या शेंगा टाकून जायची. उन्हाळ्यात एकदा ती नातीला कडेवर घेऊन आली. लेकरू वाळलं होतं. ते शेळीच्या पाठीवर हात ठेवून हसत होतं. मला वाटलं, बाई दूध मागायला आली. पण दूध तिनं मागितलंच नाही.

"सर, देवानं काहून उशीर लावला?" ती म्हणाली. "माजाच इश्वास कमी पडून राह्यला का?"

मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. हातात चहा होता, त्याच शेळीच्या दुधाचा. पाहुणे असं म्हणालेच नव्हते—एवढंच बोलायचं होतं. कोणी ऐकायलाही नव्हतं.

मी म्हणालो, "व्हय मावशी. कमी पडला."

तिनं मान हलवली, लेकराचा हात शेळीवरून सोडवला आणि निघून गेली. त्या बुधवारी प्रार्थनासभेला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.