आठ वर्षांत अकरा खाडे

कारखान्यात त्याला सगळे केसभर म्हणत. दांडा हातात घेऊन तो म्हणायचा, "केसभर जाड आहे," आणि मायक्रोमीटर लावला की तेवढाच निघायचा. बत्तीस वर्षं त्याने लेथ चालवला. त्याचा एकही दांडा परत आला नाही, हे स्टोअरकीपरही मान्य करतो, आणि तो सहसा काही मान्य करत नाही.

थोरला भाऊ फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, त्या आठवड्यात केसभरने सिगारेट सोडली. पुढे रुग्णालयातली एक डॉक्टर कारखान्यात आली. जीवनसत्त्वाच्या गोळीने सिगारेट ओढलेल्यांचा कॅन्सर टळतो का, हे तिला तपासायचं होतं. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती, हे तिलाही कळणार नव्हतं. रोज एक, आठ वर्षं. केसभरने नाव दिलं आणि त्याच्याबरोबर सिगारेट ओढणाऱ्या वेल्डर मित्रालाही ओढलं.

केसभरने वही घातली. गोळी घेतली की बरोबरची खूण, चुकली की खाडा. दर तीन महिन्यांनी उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या होत्या. वेल्डर त्या मोरीत ओतून रिकामी बाटली द्यायचा. केसभर एकच उरली असली तरी कागदात बांधून न्यायचा.

सहाव्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत दोघांच्या गोळ्या बाकावर शेजारी आल्या. केसभरने डोळे बारीक केले. मग सवयीने मायक्रोमीटर लावला. वेल्डरची गोळी पातळ होती. दोघांच्या दहा-दहा मोजल्या, फरक तोच.

वेल्डर म्हणाला, गप्प बस, दोघांनाही प्रयोगातून काढतील, सहा वर्षं पाण्यात जातील. घरी बायकोने वेगळाच अर्थ काढला. जाड म्हणजे औषध असलेली. दिराचं दुखणं तिने जवळून पाहिलं होतं. "तुम्हाला खरी मिळतेय. आता बोलून ती घालवू नका," ती म्हणाली.

पण मोजलेलं लपवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. रजा टाकून तो रुग्णालयात गेला.

"मॅडम, चूक झाली. गोळ्या मोजल्या. त्या दोन जाडीच्या आहेत, हे मला कळलंय. माझी सहा वर्षं धरायची की नाही, तुम्ही ठरवा."

डॉक्टर हसली नाही. तिने वहीतली मापं दुसरीकडून तपासून घेतली. सगळी बरोबर निघाली. गोळ्या मोजल्याची तारीख वहीत होती, म्हणून आधीची सहा वर्षं धरली गेली. पुढची दोन वेगळ्या रकान्यात गेली. महिन्याभरात सगळ्यांच्या गोळ्या एकसारख्या रंगीत कॅप्सूलमध्ये घालून येऊ लागल्या. वेल्डर आठवडाभर धुसफुसला. मग स्वतःच जाऊन मोरीचं सांगून आला.

आठ वर्षं संपल्यावर डॉक्टरने निकाल वाचून दाखवला. गोळीने कॅन्सर टळला नव्हता. उलट खरी गोळी घेणाऱ्यांत तो किंचित जास्तच आढळला. केसभरची खरी होती, वेल्डरची पिठाची. केसभरची तपासणी स्वच्छ होती, तरी बायकोचा चेहरा उतरला.

त्यात दुसऱ्या एका देशातल्या संशोधनाची बातमी आली. तिकडे गोळ्यांनी फायदा झाला होता. बायकोने पेपर त्याच्यापुढे आपटला. "मग खरं कुणाचं?"

"ते लोक पोटाला कमी मिळणारे. आम्ही सिगारेट ओढलेले. धातू वेगळा, माप वेगळं. दोघांचंही खरं असू शकतं."

वेल्डर म्हणाला, "आठ वर्षं गिळून उत्तर काय, तर नाही."

"अरे, दांडा भोकात जात नाही, हे कळायलाही मापाचा गेज लागतोच. तो आपण झालो. तू जरा वाकडा, पण झालास."

डॉक्टरने वही परत दिली तेव्हा शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात होतं : आठ वर्षांत अकरा खाडे, सगळ्यांत कमी. वही आता मायक्रोमीटरच्या पेटीत असते. पाहुणे आले की बायकोच ती काढते, ते पान उघडून पुढे धरते आणि म्हणते, "आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचे खाडे यात धरलेले नाहीत."