कुंकू लावलेला राऊटर

आमच्या सानगडीच्या घरी इंटरनेटचा राऊटर बैठकीत आहे, कारण तिथे बाबा बसतात. घरातली प्रत्येक मोलाची वस्तू बाबांच्या नजरेसमोर असावी, असा नियमच आहे. त्यामुळे पुण्याला सासरी गेलेल्या बहिणीचा व्हिडिओ कॉलही बैठकीतच यायचा. बाबा फोन तोंडापाशी धरून, पार तलावाच्या पाळीवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "मजेत हायेस ना?" ती म्हणे, "हो बाबा." झालं. दर रविवारी मुलगी सुखात असल्याचं प्रमाणपत्र असं हातोहात मिळत असे.

आईचा या प्रमाणपत्रावर काडीचा विश्वास नव्हता. एकदा तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "पोरगी वाळून राहिली. मले तिले दोन गोष्टी पुसाच्या हायेत. तुझ्या बापासमोर काय पुसू? रेंज इथं आण."

रेंज आणणं म्हणजे दुकानातून मीठ आणणं, असा तिचा समज असावा. त्यात धान नुकतंच घरात आलेलं. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत पोत्यांची थप्पी. वायफाय त्या पोत्यांतच मुक्काम करायचं.

सुदैवानं आमच्याकडे काहीही फेकत नाहीत. जुना राऊटर बाबांनी जपून ठेवला होता. घरातल्या मोबाइलांना इंटरनेटवरचे (आयपी) पत्ते वाटण्याचं काम नव्या राऊटरकडेच राहावं म्हणून मी जुन्याचं ते काम बंद केलं, थप्पीवरून वायर नेली आणि त्याला डब्यांच्या फळीवर बसवलं. दिवे लागले, इंटरनेट नाही. मी सेटिंगा बदलल्या, नवी वायर आणली, परदेशी तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले. त्यांपैकी एकाही विद्वानानं दसऱ्याचा उल्लेख केला नव्हता.

दसऱ्याला बाबा अवजारांची पूजा करतात. विळे, फावडी, मोटरपंपाचा स्टार्टर आणि त्याच रांगेत हा सेवानिवृत्त राऊटर. वायर खोचायच्या खाचांत टॉर्च मारला, तर आत कुंकवात वाळून घट्ट बसलेल्या अक्षता. बाबांची भक्ती अशी, की एकही खाच उपाशी ठेवली नव्हती. सुईनं सगळा प्रसाद उकरून काढला, तेव्हा कुठे रेंज आली.

रविवारी फोन वाजला. आईनं तो बाबांच्या हातातून काढून घेतला, आत गेली आणि दार लावलं.

"काहून आत गेली? मी पुसलं असतं ना!" बाबा ओरडले.

दाराआडून आईचा आवाज आला, "आता कोणी नाई. खरं सांग."

मग काहीच नाही. वायर पुन्हा रुसली, असं मला वाटलं. तेवढ्यात बहिणीचं रडणं ऐकू आलं, कुठेही न अडकता, अगदी स्वच्छ.

बाबा खुर्चीतून उठले. आता दार ठोठावणार म्हणून मी त्यांना अडवायला निघालो. त्यांनी टीव्ही बंद केला.

"लाईन गेली तं ते बंद पडन का?" त्यांनी विचारलं. इतका हळू आवाज त्यांच्याजवळ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"पडेल."

"मंग इंटरनेटचे दोन्ही डबे इन्व्हर्टरवर टाक. पटकन."