बिअर कुणी ओतली

रेमिखिओने न्यायाधीशासमोर सरळ हात वर केले. "साहेब, मिनीबस माझ्या भावाची. मी नुसता पगारी ड्रायव्हर. पोरीला देऊ काय, डोंबल?" कागदांवर खरोखरच भाऊ फेर्मीनचं नाव होतं. ज्याला कधी साधी सायकल सांभाळता आली नाही, तो फेर्मीन म्हणे बसमालक!

कासिल्दा रडवेली होऊन बाहेर आली. नवरा रेमिखिओ सोडून गेल्यापासून एल आल्तो शहराच्या थंडीत पहाटे उठून आपी हे मक्याचं गरम पेय विकत ती लेकीला वाढवत होती. त्याने दमडी दिली नव्हती. नऊ वर्षांची नोएमी मात्र रोज संध्याकाळी नाक्यावर उभी राही. बापाची बस दिसली की हात हलवी. बाप हॉर्न वाजवून पुढे जाई. "आज बाबा थांबणारच होते गं, पण मागून गाड्या आल्या," असं ती घरी येऊन सांगे. ऐकून कासिल्दाच्या काळजाचं पाणी होई.

सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "कागदावर नाव कुणाचंही असू दे. खरा मालक हा, एवढं दाखवा. मग कोर्ट त्या बसला हात घालू शकतं."

कासिल्दाला एकदम सुचलं. नवी गाडी घेतली की ती कोपाकबाना या तीर्थाच्या गावी न्यायची, देवळासमोर फुलांनी मढवायची, पाद्र्याकडून पाणी शिंपडून घ्यायचं आणि धरणीमातेच्या नावाने चाकांवर बिअर ओतायची, अशी रीतच होती. ओतणार मालकच! दुसऱ्याने ओतली तर बरकतही दुसऱ्याच्याच घरी. रेमिखिओ न्यायाधीशाला फसवेल, पण धरणीमातेला फसवायची त्याची छाती नव्हती. त्यांच्या पहिल्या खटाऱ्यावर दोघांनी मिळून ओतली होती. ते आठवलं आणि तो मेला तिला पुन्हा हवाहवासा वाटला. तिला स्वतःचाच राग आला.

देवळासमोरच्या म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे फोटो सापडला. रेमिखिओ चाकावर बाटली रिकामी करत खदाखदा हसतोय, फेर्मीन कडेला पाहुण्यासारखा उभा. म्हातारा साक्षीलाही आला.

"गाडी तुमची, आणि बिअर यांनी ओतली?" न्यायाधीशाने फेर्मीनला विचारलं.

"माझा हात दुखत होता, साहेब."

"दोन्ही?"

कोर्टात हशा पिकला. तिथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तशी बाटली धरली होती. बस रेमिखिओचीच ठरली. ती विकायला बंदी झाली. थकबाकी भरली नाही तर लिलाव, आणि दरमहा लेकीचा खर्च वेगळा.

घरी आल्यावर कासिल्दाने नोएमीला कवटाळलं. "जिंकलो गं बाई! आता दर महिन्याला बाबांना पैसे द्यावेच लागणार."

नोएमीचे डोळे चमकले. "दर महिन्याला? म्हणजे महिन्यातून एकदा तरी येणारच ना ते?"

"नाही गं राजा. पैसे बँकेत जमा होतील."

 नोएमी म्हणाली, "आई, कोर्टाला सांग ना, बँक नको म्हणून."