विलायतेला कोबी सोलायला

अक्काला राग यायचा आणि तो तिला शोभायचा. अमळनेरच्या आमच्या गल्लीत तिच्याइतकं मोकळेपणानं रागावणारं दुसरं कोणी नव्हतं. थांबा सोडून पार पुढे जाऊन गाडी उभी करणारा एसटीचा ड्रायव्हर, चांगल्या गव्हात हलका गहू मिसळणारा दुकानदार, पाहुण्यांसमोर सुनेला टाकून बोलणारी सासू, सगळ्यांना तिच्याकडून सारखाच प्रसाद मिळायचा. कोणी समजूत घालायला गेलं की म्हणायची, "राग नही ये तो मानूस कसाना?" हा राग मी तिच्याकडूनच घेतला आहे. तेव्हा तिच्याबद्दल मी शांतपणे लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली आणि आमच्या परसातल्या खोलीत राहायला लागली. अशा बाईला माहेरी कोपऱ्यातली जागा मिळते आणि तिनं ती मुकाट्यानं घ्यावी असं सगळ्यांना वाटतं. अक्कानं ती घेतली नाही. तिनं परसात चूल घातली, चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं आणि मांडे करायला सुरुवात केली. आमच्याकडे लग्न असो की आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा सण, आमरसाबरोबर मांडे नसतील तर पाहुणे जेवून जातात, पण बोलत जातात.

मांड्याला पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायची, ती मनगटावरून कोपरापर्यंत पसरत जाते, आणि मग ती तापलेल्या खापरावर अलगद सोडायची. पुरण कुठे गोळा झालंय, पारी कुठे फाटायला आलीय, हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांनाच कळतं. अक्काच्या बोटांना ते इतकं कळायचं की ती मांडा हातावर असताना मान वळवून कोणाला तरी झापत असायची आणि मांडा आपला वाढत असायचा. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत कितीतरी घरं आधी अक्काला विचारायची आणि मग लग्नाची तारीख धरायची. मी परकर नेसायचे तेव्हापासून ती मला बजावायची, "तुन्हा लगीनमा मांडा मीच करसू. दुसरीनी हात लावाना नही."

तिचा राग फक्त एका माणसापुढे चालत नसे, तो म्हणजे दिलीप. दिलीप माझ्या धाकट्या आत्याचा मुलगा. आत्या तो लहान असतानाच गेली आणि अक्कानं त्याला वाढवला. एकदा एका लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं चेंडू मारून खापर फोडलं. आमच्यापैकी कोणी फोडलं असतं तर आम्ही आठवडाभर घरात शिरलो नसतो. अक्का काही न बोलता कुंभाराकडे गेली, नवं खापर घेऊन आली आणि लग्नघरी सांगितलं की जुन्याला आधीच तडा होता. दिलीप "मावशी, मावशी" करत मागे फिरत होता, त्याच्या हातावर तिनं गूळ ठेवला. तो पुढे शिकला, इंजिनिअर झाला आणि इंग्लंडला गेला. सुनीता नावाच्या मुलीशी लग्न केलं. अक्का या सगळ्याबद्दल जणू तिनंच परीक्षा दिल्यासारखं सांगायची.

नव्वदच्या आसपास दिलीपनं कळवलं, "मावशीला सहा महिने इकडे पाठवा. जन्मभर चुलीपुढे बसली, आता तिला जरा फिरवतो, आराम देतो." गल्लीत नुसता गोंधळ उडाला. कोणी स्वेटर आणून दिला, कोणी पायमोजे. नऊवारीवर बूट कसे घालायचे यावर बायकांची चर्चा झाली. शाळेच्या हेडमास्तरांनी नारळ देऊन सत्कार केला आणि म्हणाले, "राणीचा राजवाडा पाहून आलात की आम्हाला सांगा." अक्का म्हणाली, "देखीसन येस, मंग सांगस." स्टेशनवर तिला पोचवायला अर्धी गल्ली आली होती. मला तिचा हेवा वाटला, आणि त्या दिवशी अमळनेरमध्ये तो फक्त मलाच वाटला असेल असं नाही.

ती सहा महिने पुरे व्हायच्या आत परत आली. वाळली होती. ती ओट्यावर बसते न बसते तोच हेडमास्तरांनी विचारलं, "काय मग अक्का, काय पाहिलं?"

"कोबी देखी," अक्का म्हणाली. "लिंबूएवढी कोबी. वाढू बी दिधी नही बिचारीले."

मग ओट्यावरच्या बायकांना तिनं सगळं सांगितलं. ती तिथे पोचली तेव्हा सुनीताला दिवस गेलेले होते. सुनीता थंडीच्या सीझनला भाज्या गोठवण्याच्या कारखान्यात जायची. त्या सीझनला कोणी गेलं नाही तर जागा दुसरीला जाणार होती. म्हणून जागा राखायला सुनीताच्या कार्डावर अक्का जाऊ लागली. तिला कोणी बळजबरी केली नाही, हे ती स्वतःच पुन्हा पुन्हा सांगायची. पोराच्या घरचं काम, त्यात काय विचारायचं? पहाटे एक गाडी येऊन सगळ्या बायकांना घेऊन जायची, त्यात पंजाबी होत्या, गुजराती होत्या. अहिराणी आणि गुजराती मिळून अक्काचं तिथल्या एका हंसाबेनशी चांगलं जमलं होतं. मोठं पत्र्याचं शेड, दारं सताड उघडी, बाहेरचं धुकं आत. सरकत्या पट्ट्यावरून बर्फासारख्या पाण्यात त्या इवल्या कोब्या यायच्या. त्यांचा देठ कापायचा, पिवळी पानं काढायची आणि पुढे ढकलायची. दिवसभर उभ्यानं.

"आन तठे मन्हं नाव सुनीता व्हतं," अक्का सांगायची. "मुकादम 'सुनीता, सुनीता' करीसन वरडे, आन मी इकडे तिकडे देखू, सुनीता कोठे शे!"

बायका पोट धरून हसायच्या. अक्काही हसवायची. त्या गोऱ्या मुकादमाला तिनं अहिराणीत काय काय ऐकवलं, हंसाबेननं तिला कसं आवरलं, डोक्यावर कागदाची टोपी घालून ती कशी दिसायची, हे सगळं ती नक्कल करून दाखवायची. कारखान्यावर रागवायची, धुक्यावर रागवायची, न वाढू दिलेल्या कोबीवरही रागवायची. दिलीपबद्दल मात्र एक शब्द नाही. गल्लीतली पोरं तिला लंडनअक्का म्हणू लागली. वास्तविक तिनं लंडन विमानतळापलीकडे पाहिलंच नव्हतं.

मला तेव्हाच चीड आली होती. घरात मी ती बोलून दाखवली तर वडील म्हणाले, "दिलीपचं पत्र आलंय. तिकडे सगळेच काम करतात. तिकडे कामाला लाज नसते." हे वाक्य मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला सणक येते. कामाला लाज इथे तरी कोणाला होती? अक्का काय अमळनेरात पलंगावर लोळत होती? आराम देतो म्हणून म्हाताऱ्या बाईला बोलवायचं, तिला दुसरीच्या नावानं पट्ट्यापुढे उभं करायचं, आणि आपण ऊबदार ऑफिसात बसून कामाच्या प्रतिष्ठेबद्दल पत्र लिहायचं. असली प्रतिष्ठा तुमची तुम्हालाच लखलाभ होवो.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. नवरा धुळ्याचा, लग्न आमच्या दारात. वडिलांनी आचारी सांगितला तेव्हा अक्का उसळली. "मांडा मी करसू!" मला बरं वाटलं, कारण परत आल्यापासून तिनं खापर चुलीवर ठेवलंच नव्हतं. आखाजीलाही कंबर दुखते म्हणाली होती. आई नुसती तिच्याकडे बघत होती. लग्नाला दिलीपही आला. बाळाला आणि सुनीताला तिकडे ठेवून एकटाच, खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन.

हळदीच्या दिवशी परसात चूल पेटली. मी हळद लागलेल्या अंगानं मागच्या दारात उभी होते. बायका गोळा झाल्या, दिलीप कॅमेरा घेऊन समोर आला. "मावशी, चांगला मोठा मांडा कर. तिकडच्या लोकांना दाखवायचाय."

पहिला मांडा तिच्या हातावरच फाटला. बायका म्हणाल्या, कणीक सैल झाली असेल. दुसरा खापराच्या कडेवर पडून चुलीत घसरला. अक्काच्या कपाळावर घाम आला होता. तिसरा मांडा कसाबसा खापरावर पडला, पण एका बाजूला दुमडला, म्हणून तो सरळ करायला तिनं बोटं पुढे केली. बोटं मांड्यावरून खापरावर गेली आणि तिथेच राहिली. ती मांड्याकडे बघत होती, घडी नीट करत होती. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा आई ओरडली आणि तिनं अक्काचा हात खेचून काढला. अक्का स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. तिला काहीच कळलं नव्हतं.

आईनं तिचा हात पाण्याच्या बादलीत धरला. आणि दिलीप बोलला. त्यानं गप्प राहायला हवं होतं, पण तो बोलला. "मावशीनं तिकडे ग्लोव्हज काढून टाकले होते," तो बायकांना समजावून सांगू लागला. "कारखान्यात सगळ्यांना ग्लोव्हज देतात. मी किती वेळा सांगितलं तिला. पण ऐकेल तर शपथ. नेमके ग्लोव्हजच काढायचे!"

अक्कानं मान वर केली. त्याच्याशी या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता.

"मोजा मीच काढात. खरं शे," ती म्हणाली. "पन माले दवाखानामा तू कसाले नही लई गया?"

दिलीपनं कॅमेरा खाली केला. "मावशी, कार्ड सुनीताच्या नावाचं होतं ना. डॉक्टरांनी विचारपूस केली असती. सगळं अंगाशी आलं असतं."

अक्कानं हात बादलीतून काढून पदरात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी माझ्या लग्नात श्रीखंड-पुरी झाली.

तिकडचं बाकी सगळं आईनं तिच्याकडून हळूहळू काढून घेतलं. हातमोजे बाप्याच्या मापाचे होते, तिच्या हातात लोंबायचे, आत पाणी शिरायचं. तेही तिनं सोसलं असतं. पण मोज्यातून तिला कोबीच कळेना. कुठलं पान सडलंय, देठ कुठवर कठीण आहे, हे ती जन्मभर बोटांनी बघत आलेली. खाण्याच्या वस्तूला हात न लावता ती निवडायची कशी, हे तिच्या डोक्यातच शिरेना. हात मागे पडला की मुकादम सुनीताच्या नावानं ओरडायचा. म्हणून तिनं मोजे काढले. मग हात झपझप चालला, मुकादम गप्प झाला आणि तिला वाटलं, जिंकले. काही दिवसांनी बोटं पांढरी पडली. मग काळीनिळी. रात्री दुखायची, मग दुखायचीही थांबली. घरी दिलीपला दाखवली तर त्यानं दुकानातून मलम आणून दिलं आणि सीझनचे थोडेच दिवस राहिलेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली तेव्हा ती गाडीत बसली.

त्या बोटांना काही होतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती बोटं काय आहेत हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण सुनीताची जागा, बाळाचं येणं, दिलीपची अडचण, हे सगळं तिनं आधी मोजलं. आणि तिच्या हातावर मोठा झालेला तो माणूस, त्यानं काय मोजलं? मोजे काढले ही तिची चूक. मान्य. दाराशी गाडी असलेल्या माणसानं एका बाईला दवाखान्यात नेलं नाही, ही कोणाची? गल्लीतले लोकसुद्धा मला सांगायचे, "जाऊ दे ग, त्यानं तिला विमानात तरी बसवलं." त्या लोकांशी मी आजही धड बोलत नाही.

अक्कानं खापर पुन्हा मांडलं नाही. तिच्या पोलक्याची बटणं आई लावायची, वेणी आई घालायची. जेवताना घास बोटांतून निसटायचा म्हणून चमचा दिला, तर त्याचा तिला इतका तिटकारा की पाहुणे असले की ती जेवायचीच नाही. मी धुळ्याहून आले की ती माझ्या मुलाला मांडीवर घ्यायची आणि त्याच्या गालाला मनगट लावायची, कारण बोटांना त्याचा गाल कळत नव्हता. शहाण्णवच्या थंडीत ती गेली. डॉक्टर छातीचं काहीतरी म्हणाले.

दिलीपला यायला जमलं नाही. दहावं झाल्यावर त्याचा फोन आला, तो मी घेतला. तो रडत होता, आणि खोटं रडत होता असं मी म्हणणार नाही. "तिच्या हातचं खाऊन मोठा झालो ग मी," तो म्हणाला. "ते मांडे आता कुठे मिळणार?"

मी विचारलं, "दिलीप, तू तिला दवाखान्यात का नाही नेलंस?"

त्यानं घसा साफ केला आणि विचारलं, "दहाव्याला माणसं बरीच होती का?"