जाळलेला माणूस परत येतो तेव्हा

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच हुशारीचे हसू येते. तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याकडे फौजदार होतो. मोठी लढाई संपून बारा-तेरा वर्षे झाली होती. आमच्या हद्दीला लागूनच संस्थानी मुलूख, त्यामुळे तिकडचे फरारी इकडच्या माळावर येऊन दडत. सकाळची हजेरी झाली की जमादार पहिली बातमी त्यांचीच सांगायचा.

एके दिवशी खबर आली की, एका धनगर वस्तीतली विधवा बाई रोज भर दुपारी भाकरी बांधून शिवेबाहेरच्या पडक्या मेंढवाड्याकडे जाते आणि तिथे कोणी दाढीवाला माणूस राहतो. दोन शिपाई घेऊन मी बाभळीआड दबा धरला. बाई आली, तिने भाकरी दगडावर ठेवली आणि दहा पावले मागे सरून बसली. माणूस बाहेर येऊन जेवू लागला. आम्ही पुढे झालो तेव्हा तो पळाला नाही. हातातला घास तेवढा त्याने संपवला.

ठाण्यात जबाब सुरू झाला. लढाईत मजुरांच्या पलटणीतून बसऱ्याला गेलो, मग तिथेच बंदरावर राहिलो, आता काम सुटले म्हणून परत आलो, असे त्याचे म्हणणे.

"इतक्या वर्षांत चिठ्ठी का नाही धाडलीस?"

"लिवनार कोन, आन् हितं वाचनार कोन?"

"ती बाई कोण?"

"माजी बायकू."

"ती तर विधवा आहे."

"व्हय साहेब. माजीच."

हे उत्तर मला उद्धट वाटले. जमादाराचे हात शिवशिवत होते, पण मी त्याला आवरले. थापा मारणारा माणूस न विचारता भरभरून सांगतो. हा विचारेन तेवढेच बोलत होता. तरी नवरा असून शिवेबाहेर का राहतो, हे कोडे सुटेना. तोतया असणार, असे मी ठरवून टाकले. गावात विचारावे तर साथीदार सावध होतील, म्हणून तेही टाळले. त्याच्याजवळच्या पलटणीतून सुटल्याच्या दाखल्यावर अंगठा होता. त्याचा नवा ठसा घेतला आणि दोन्ही पुण्याला ठसे तपासणाऱ्या कचेरीत पाठवले. तोवर त्याला ठाण्याच्या ओसरीवर बसवून ठेवले. पंधरा दिवसांनी उत्तर आले: दोन्ही ठसे एकाच माणसाचे.

मी ऐटीत गावच्या चावडीवर गेलो, पाटलांना आणि त्या माणसाच्या म्हाताऱ्या आईला बोलावून कागद वाचून दाखवला. कोणाला काही नवल वाटले नाही.

"ते आमाला ठावं हाय की," पाटील म्हणाले. "शिवेवर आला त्याच दिशी वळखला. पर त्यो मेलाय, साहेब. बारा वर्सं वाट बगितली, मग गवताचा पुतळा करून जाळला. दहावं-बारावं सगळं झालं. मेल्याच्या वहीत मीच लिवलंय."

"पोटचा हाय माज्या," आई म्हणाली. "पर जाळलेला मानूस उंबरा वलांडून आला तर घरातलं दुसरं कुनीतरी जातंय म्हंत्यात. धाकल्या ल्योकाची पोरं हायत घरात. म्या काय करू?"

पंधरा दिवस मी जे शाबीत करीत होतो, त्याबद्दल गावात एकालाही शंका नव्हती. तेवढे दिवस तो बिचारा माझ्या ओसरीवर बसून होता. मला मनापासून लाज वाटली.

या दुखण्याला कायद्यात कलम नव्हते. दमदाटी केली असती तर दार उघडले असते, पण त्याच्या पंक्तीला कोणी बसले नसते. मी आईलाच विचारले, "मग यातून वाट काय?"

"पुन्यांदा जल्मावं लागंल," ती म्हणाली. "पर एवढा बाप्या पाळन्यात घालायचा म्हंजी लोक लई हासत्याल."

"हसू देत. पहिला मी हसतो."

मृत्यूची नोंद रद्द करून घेतली, खाली माझी सही केली. जित्या माणसाला मेला लिहिल्याचा ठपका टळला म्हणून पाटलांच्या जिवात जीव आला.

आठ दिवसांनी वस्तीवर बारसे झाले. दोन खांबांना घोंगड्याची झोळी बांधली होती. सहा फुटी माणूस गुडघे पोटाशी घेऊन तीत निजला. बाया हसून हसून बेजार झाल्या, मीही हसलो. आत्याने कानात नाव सांगितले, तेच जुने. आता उठवायचे, तोच आई आडवी आली.

"थांबा. रडला न्हाय अजून. रडल्याबिगर पोर जितं कसं म्हनायचं?"

त्याने तोंड वेडेवाकडे करून पाहिले, पण जमेना. लोक आणखीच हसले. मग आईने वाकून त्याच्या गालावरून हात फिरवला. परत आल्यापासून तिने त्याला प्रथमच शिवले होते. तो हुंदके देऊन रडू लागला आणि वस्तीवरचे हसणे थांबले. माझेही डोळे भरून आले.

"जिता हाय," आई म्हणाली आणि सुनेकडे वळली. "जा, कुकू लाव."

पुढे कुठेही बदली झाली तरी, परमुलखातून परतलेला कोणी ठाण्यात आला की त्याचे कागद मी नंतर बघत असे. आधी त्याच्या घरी शिपाई धाडून विचारत असे, याला घरात घ्यायला काय लागेल? बहुतेक घरांना त्याचे उत्तर माहीत असे. त्यांना कोणी विचारलेले नसे.