कातळाची ऊब

चाकणजवळच्या आमच्या गावामागे डोंगर आहे. त्याच्या काळ्या कातळावर एका हिवाळ्यात मी सरडे बघत बसायचो. तेव्हा मी पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. नाताळच्या सुट्टीत सरांनी कॉलेजचा थर्मामीटर विश्वासाने माझ्या हाती दिला आणि डोंगरावरचे सरडे थंडीत अंग कसे उबदार ठेवतात ते पाहून यायला सांगितले. त्या विश्वासाचे ऋण मी आजही मानतो.

सरड्याच्या अंगात आपल्यासारखी पुरेशी ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळी तो कपारीतून रखडत बाहेर येई, अंग काळपट करी, उन्हाला कूस देई आणि कातळाला पोट चिकटवी. पुरेसा तापला की त्याचा रंग फिका पडे. मग पाय ताठ करून तो पोट दगडावरून उचली आणि दुपारी सावलीत शिरे. आभाळ असले की बाहेरच येत नसे. कपारीत गारठून पडलेला सरडा हाताने हलवला तरी हलत नसे.

घरी माझे वडील, आबा, छातीच्या दुखण्याने झिजत चालले होते. डोंगर पूर्वेला, त्यामुळे आमच्या अंगणात ऊन उशिरा येई. ते आले की आई आणि मी त्यांची बाज बाहेर काढायचो आणि ऊन सरकेल तशी सरकवायचो. मी त्यांना सरड्यांचे सांगितले, तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी हसले.

"म्हंजी तुज्या कालेजात माजाच धडा हाय म्हण की," ते म्हणाले.

मग आभाळ आले आणि ऊन दिसेनासे झाले. एका सकाळी डोंगरावरून उतरलो, तर दारात माणसे जमलेली. आबांचे पाय गार पडले होते, ते हाकेला ओ देत नव्हते, म्हणून थोरल्या चुलत्यांनी त्यांना खाली घेतले होते. आमच्याकडे बाजेवर जीव जाऊ देत नाहीत. भुई सारवून माणसाला तिच्यावर निजवतात. ती भुई अजून ओली होती. मी आबांच्या नाकाशी हात नेला. श्वास चालू होता. गार दगड अंगातली ऊब कशी ओढून घेतो, ते मी कातळावर रोज पाहत होतो.

मी त्यांना उचलू लागलो, तसा चुलत्यांनी माझा दंड धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"खाली घेतलेलं मानूस परत वर न्हाई ठिवत, पोरा. आमी काय त्येचं वैरी हाय?"

वैरी कोणीच नव्हते. मी भुईवरच बसलो आणि आबांना मांडीवर, छातीशी घेतले. आईने आम्हा दोघांवर घोंगडी टाकली. बऱ्याच वेळाने आबांनी डोळे उघडले.

"ऊन आलं का रं?"

"आलं, आबा."

बाहेर आभाळ तसेच होते. दुपार कलली तेव्हा ते माझ्या अंगावरच गेले. त्यांची पाठ उबदार झाली होती. पाय मात्र शेवटपर्यंत गारच राहिले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. रिकामी बाज भिंतीशी उभी होती. आईने ती सवयीने आडवी केली आणि उन्हात सरकवली.