गरीबखान्याचं कुलूप

पाहुणा आला की आमच्या गावचे लोक अजूनही त्याला राजवाडा दाखवतात आणि राजाच्या हत्तीच्या गोष्टी लांबवतात. हत्ती कुणी पाहिलाय? मी कुलूप पाहिलंय, तेव्हा मी त्याचीच गोष्ट सांगणार.

राजा गेला, तसा इंग्रजांनी वाड्याचा तुरुंग केला. पुढे तुरुंग दुसरीकडे हलला आणि तिथं गरीबखाना आला. ज्यांना कुणी नाही अशी म्हातारी, पांगळी माणसं तिथं राहत. माझे वडील तुरुंगाचे पहारेकरी होते, तेच चौकीदार झाले. कैदी गेले, पण सुंभ जळाला तरी पीळ जाईना. दिवस मावळला की म्हाताऱ्यांना आत घ्यायचं, दाराला कुलूप ठोकायचं, किल्ली कमरेला. मला त्या किल्लीचा राग यायचा.

"त्यायनं काय चोरी केली?" आई विचारायची.

"साहेबाचा हुकूम हाय," वडील म्हणायचे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आजोबा गेल्यानंतरची ती पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतात. पितर उपाशी उठला तर त्याहून वाईट काही नाही. वडिलांनी गरीबखान्यातल्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. सरकारी जंगलातलं गवत कापलं म्हणून इंग्रजांच्या काळात तो याच वाड्यात कैदेत होता.

आईनं पुरणपोळी, आमरस, कुरडई वाढली. वडील हात जोडून म्हणाले, "जेवा, बाबा."

म्हातारा अन्नाला शिवेना.

"आज मी कोन हाव तुहा?"

"माहे वडील."

"मंग सांजीले बापाले कुलपात कोंडशीन काय?"

वडील लालबुंद झाले. रसावर माश्या बसू लागल्या. म्हातारा पाटावरून उठायला लागला. शेवटी आईच बोलली, "पितर उपाशी उठून राह्यला न!"

वडिलांनी कमरेची किल्ली काढून पत्रावळीशेजारी ठेवली. म्हातारा चार पोळ्या जेवला.

त्या संध्याकाळी दार नुसतं लोटलं. सकाळी सगळे जागच्या जागी होते. जाणार तरी कुठं?

महिन्याभरानं साहेब तपासणीला आले. कुलूप नाही पाहून तडकले, नोकरी घालवीन म्हणाले. मी तिथंच उभी होते. साहेबापुढं कधी मान वर न केलेले माझे वडील दाराला पाठ लावून ताठ उभे राहिले.

"नाही लावनार, साहेब. आत माहा बाप हाय."